मागे जीव उभा आहे

(बीडमध्ये तरुण वाहनचालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले बरेच जण पिकअप, छोटा हत्ती नाहीतर ट्रॅक्टर चालवतात. कुणाचे अब्बा घोडीवाले आहेत, कुणाचे चाचा बँडवाले. आज मी लायसन्स किंवा दंडाविषयी बोलणार नाही. हौद्यात जनावर उभं असताना गाडी कशी चालवायची, तेवढंच सांगणार आहे.

आधी माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वरातीनंतर रात्री मी घोडी परत आणत होतो. रस्ता मोकळा होता, घरी जायची घाई होती. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर समोरून ट्रक आला. मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग ओढलं. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. पण मागे धाडकन आवाज झाला. घोडी गुडघ्यावर पडली होती. ऐन लग्नसराईत ती दोन महिने उभी राहिली नाही. मालक मला एक शब्दही बोलला नाही, पण त्याच्या घरात त्या सीझनला काय शिजलं असेल, हे मला माहीत आहे.

त्या रात्री मला कळलं, की गाडी वाचली म्हणजे ड्रायव्हिंग चांगलं झालं असं नाही. वळण मला दिसत होतं, घोडीला दिसत नव्हतं. माझ्या हातात स्टिअरिंग होतं, तिला धरायला काहीच नव्हतं. घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. अचानक ब्रेक लागला की सगळं अंग पुढे जातं. झटक्यात वळलं की तीन-चारशे किलो वजन एका बाजूला झुकतं, आणि त्याच्यासोबत गाडीही.

म्हणून पहिली गोष्ट, अंतर. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडाजवळून गेली, की मोजायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन. एरवी तीन मोजून झाल्यावर तुम्ही दगडाशी पोचलात तर चालतं. मागे घोडा असेल तर पाच-सहा मोजा. मध्ये कुणी घुसला तर घुसू द्या, आणि पुन्हा अंतर ठेवा.

दुसरी गोष्ट, वेग. ४० चे ६० केले तर वेग दीडपट होतो, पण गाडी थांबवायला सव्वादोन पट जोर लागतो. १९७८ चे प्राणी वाहतूक नियम सांगतात, की मालवाहू गाडीतून घोडे नेताना वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको. हे ऐकून हसायला येतं, मलाही आलं होतं. पण त्या रात्री मी ३५ वर असतो तर घोडी पडली नसती.

तिसरी गोष्ट, वळण आणि घाट. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. घाट ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नको. गतिरोधकावर पुढची चाकं उतरली की लगेच रेस देऊ नका. मागची चाकं अजून उतरायची असतात, आणि जनावर तिथेच उभं असतं.

ट्रॅक्टरला ट्रॉली असेल तर काळजी दुप्पट. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. तुम्ही थांबता, ट्रॉली मागून ढकलत राहते. वळताना ती आतून कापते, म्हणून वळण मोठं घ्या. उतारावर ट्रॉली डोलायला लागली तर जोरात ब्रेक मारू नका. रेस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप कमी होऊ द्या. निघण्याआधी हूकची पिन, साखळी आणि मागचा लाइट स्वतः हात लावून बघा.

आता दुसऱ्यांच्या चुका. मार्गशीर्षात सारंगखेड्याला आणि नांदेडच्या माळेगावला घोड्यांचा बाजार भरतो. नेमका तेव्हाच आपल्याकडे कारखान्यांचा हंगाम जोरात असतो. केज, धारूर, माजलगाव, कुठेही जा, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात समोर येतात. कित्येकांना मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. त्यांच्यावर उसाच्या मोळ्यांवर आपल्याच जिल्ह्यातले मजूर झोपलेले असतात. त्यांची चूक कुणाची, हा हिशेब नंतर करा. रात्री दिव्याचा उजेड जिथवर पोचतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. शक्य असेल तर उजाडल्यावरच निघा.

गाडीही तयार हवी. पाय घसरू नयेत म्हणून तळाला माती-भुसा किंवा पोती टाका. घोड्याच्या मागे दोन मजबूत आडवे दांडके बांधा. दोर इतका आखूड नको, की तोल सांभाळायला मान हलवता येणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी. नियम सांगतो, की घोड्यांची तोंडं डावीकडे ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांनी ते बुजत नाहीत. पिकअपमध्ये आडवं उभं करायला जागा नसते. तिथे उजव्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर ताडपत्री लावा, वर हवा खेळती ठेवा. सोबत जनावर ओळखणारा एक माणूस हवाच, तोही नियमच आहे.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि गाडीचे कागद एकाच पिशवीत ठेवा. रस्त्यात कुणी अडवलं तर आवाज चढवू नका, कागद दाखवा. जमाव जमतोय असं वाटलं तर लगेच ११२ ला फोन करा. आपल्या पोरांसाठी हेसुद्धा सावध ड्रायव्हिंगच आहे.

शेवटी एक अभ्यास देतो. उद्या रिकाम्या हौद्यात एक पातेलं ठेवा, अर्धं पाण्यानं भरलेलं. मोंढ्यापर्यंत जाऊन परत या. पाणी सांडलं तर घोडी पडली असं समजा. ज्या दिवशी थेंबही सांडणार नाही, त्या दिवशी मला फोन करा. मी स्वतः माझ्या ओळखीच्या घोडीवाल्याला सांगेन, की या पोराच्या गाडीत जनावर बिनघोर चढव.