यादीत नाव नाही म्हणजे काय?
(वर्धापनदिनानिमित्त दिलेले भाषण)



आजच्या विषयाची नावं बोजड आहेत, पण गोष्ट अवघड नाही. ‘क्राउडसोर्सिंग’ म्हणजे पुष्कळ लोकांनी थोडं थोडं करून मोठं काम उभं करणं. वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरलेल्यांना हे मी काय सांगणार! ‘सिमँटिक वेब’ मात्र समजून घ्यावं लागेल. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली दोन सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून ही कल्पना लोकांपुढे मांडली. वेबवरची पानं माणूस वाचतो, यंत्राला त्यातला अर्थ कळत नाही. तो कळावा म्हणून माहिती सुटी करून लिहायची : कोणाविषयी, कोणती गोष्ट, आणि तिचं उत्तर.

पण एवढं जग लिहून काढायला माणसं आणायची कुठून? इथं या दोन गोष्टींची गाठ पडते. तिचं ठळक उदाहरण म्हणजे २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेला विकिडेटा. त्यात आज १० कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि कोणीही त्यांत भर घालू शकतो. ‘गर्दी’ हा शब्द मला इथं पटत नाही. गर्दीत कोणी धक्का मारला ते कळत नाही. इथं प्रत्येक बदल तारीखवार राहतो आणि चुकीचा असेल तर मागे घेता येतो.

आता बघा. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. या एका वाक्याची तिथं दोन विधानं होतात. बाबासाहेबांच्या नोंदीला एक क्रमांक, महूच्या नोंदीला दुसरा. ‘जन्मस्थान’ या गुणधर्मालासुद्धा क्रमांक आहे, पी १९. महूचं नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झालं, पण नाव बदललं म्हणून क्रमांक बदलावा लागत नाही. मराठीत नाव लिहिणारा आणि जपानीत लिहिणारा एकमेकांना ओळखत नाहीत, तरी नोंद एकच. मग यंत्राला विचारता येतं, भारतात जन्मलेल्या आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्यांची यादी दे. क्षणात यादी येते.

माझा खरा मुद्दा या यादीपाशी आहे. तिच्यात एखाद्याचं नाव नसेल तर काय समजायचं? सिमँटिक वेबचा नियम सांगतो, नोंद नाही म्हणजे गोष्ट खोटी असं धरू नका. माहीत नाही, एवढंच धरा. नियम उत्तम आहे. पण यादी वाचणारा नियम कुठं वाचतो? तो म्हणतो, यादीत नाही म्हणजे नव्हतेच! आणि अशा नोंदी सर्च इंजिनं वापरतात, प्रश्नांची उत्तरं देणारी यंत्रं वापरतात. म्हणजे कोरी जागा पुढे पुढे सरकत जाते.

कोरं कोण राहतं? ज्यांच्याविषयी छापील काही नाही ते. दहा जण म्हणाले म्हणून विधान पक्कं होत नाही, त्याला संदर्भ जोडावा अशी अपेक्षा असते. पुष्कळ विधानांना तो नसतो हेही खरं. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती आहे. ‘काकूंनी फार कष्ट घेतले’ एवढ्यावर थांबू नका. काकूंचं पूर्ण नाव, गाव, साल, काम नेमकं कोणतं, हे छापा. उद्या कोणाला संदर्भ लागला तर हेच पान उपयोगी पडू शकतं. मात्र हयात माणसाची जात, धर्म, आजार परस्पर नोंदवायला जाऊ नका. तिथं घाई नको.

मालकीचंही विचारलं पाहिजे. फ्रीबेस नावाचा असाच संग्रह मेटावेब या कंपनीनं २००७ साली लोकांसाठी खुला केला. २०१० साली गूगलनं ती कंपनी घेतली, २०१६ साली फ्रीबेस बंद झाला. लोकांनी भरलेल्यातलं काही विकिडेटात आलं, सगळं नाही. विकिडेटातली माहिती कोणालाही विनाअट उतरवून घेता येते, म्हणून श्रम तिथं घालावेत असं मला वाटतं.

तरुणांनी सुरुवात मराठी नावांपासून करावी. नोंद इंग्रजीत आहे पण मराठी नाव नाही, असं पुष्कळ सापडेल. त्याला मोबाइल पुरतो. कोणाला शिकायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावं, मी इथंच आहे. जय भीम.