एका येनचा दावा



जपानमध्ये राहणाऱ्या चे चांग-ह्वा नावाच्या एका कोरियन धर्मोपदेशकाने १९७५ साली तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेविरुद्ध दावा गुदरला. मागणी होती क्षमायाचनेची आणि नुकसानभरपाई म्हणून एका येनची. तक्रार एवढीच की, बातम्यांत त्यांचे नाव 'साइ शोका' असे उच्चारले गेले. कोरियन नावे ज्या चिनी अक्षरांत लिहितात तीच अक्षरे जपानीतही आहेत. उच्चार मात्र निराळा. आपले नाव कोरियन पद्धतीने वाचावे, असे त्यांनी आधीच कळविले होते.

हिंदी मुलखात टिळकांचे 'तिलक' होतात आणि काळ्यांचे 'काले'. आपण हसून सोडून देतो. सोडून देता येते, कारण त्या 'ळ'वर कोणाची भाकरी अवलंबून नसते. जपानमधील कोरियनांना ही चैन परवडणारी नव्हती. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात महाभयंकर भूकंप झाला आणि कोरियन लोक विहिरींत विष कालवीत असल्याच्या अफवा उठल्या. रस्तोरस्ती टोळ्या उभ्या राहिल्या. संशयितांना 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानीत म्हणून दाखवावे लागत. त्यातील आरंभीचा घोषवर्ण कोरियन जिभेला साधत नसे. आणि न साधणे म्हणजे मरण. त्या दिवसांत किती माणसे मारली गेली याविषयी एकमत नाही, पण संख्या हजारांत मोजली जाते.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केल्यावर पोटासाठी, आणि पुढे युद्धकाळात सक्तीनेही, कोरियन माणसे जपानच्या खाणींत, गिरण्यांत, रस्त्यांच्या कामांवर गेली. १९४० पासून जपानी धर्तीची नावे घेण्याचे धोरण कोरियनांवर लादण्यात आले. १९४५ मध्ये जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक परतले, सुमारे ६ लाख मागे राहिले. २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता करार अमलात आला आणि या सर्वांचे जपानी नागरिकत्व एका दिवसात संपले. पुढे त्यांची जपानमध्ये जन्मलेली मुलेही परकीयच ठरली, कारण तेथील कायदा जन्मभूमी पाहत नाही, आईबापांचे नागरिकत्व पाहतो. परकीय म्हणून बोटांचे ठसे द्यायचे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची दारे १९८२ पर्यंत बंद.

अशा वेळी माणसाने काय करावे? बहुतेकांनी जुलमाने मिळालेले ते जपानी नावच ढालीसारखे वापरले. त्याला 'त्सूमेई', म्हणजे चालू नाव, म्हणतात. किमचे 'कानेदा' झाले. पण 'किम'चे सोन्याचे अक्षर त्या नव्या आडनावात तसेच राहिले. लपतानाही पूर्वजांचे एक अक्षर जवळ ठेवण्याची ही युक्ती मोठी हृद्य आहे. रिकिदोझान हा मल्ल १९५० च्या दशकात अमेरिकन मल्लांना लोळवून जपानचे दैवत बनला. तो कोरियात जन्मला होता, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. ढाल उपयोगी होती हे नाकारता येणार नाही. ज्यांनी ती वापरली त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांनी आधी १९२३ आठवावे.

परंतु ढाल कागदापुढे टिकत नसे. १९७० साली पाक चोंग-सोक या जपानमध्येच जन्मलेल्या तरुणाने जपानी नावाने अर्ज करून हिताची कंपनीत नोकरी मिळविली. कंपनीने कुटुंब-नोंदीचा उतारा मागितला. तो फक्त जपान्यांनाच मिळतो. आपण कोरियन आहोत असे त्याने सांगताच नोकरी गेली. तो न्यायालयात गेला, आणि जून १९७४ मध्ये योकोहामाच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कोरियन असणे हेच काढून टाकण्याचे खरे कारण होते, असे न्यायालयाने मानले. त्यानंतर एकेक दार ठोठावले गेले. किम क्योंग-दोक यांनी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही जपानी नागरिकत्व घेण्यास नकार दिला. १९७७ मध्ये त्यांना कोरियन म्हणूनच प्रशिक्षणास प्रवेश द्यावा लागला. १९८० पासून बोटांचे ठसे नाकारणारे पुढे आले. १९९३ मध्ये या स्थायी रहिवाशांपुरती ती सक्ती उठली.

आणि तो एका येनचा दावा? सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तो फेटाळला. त्या काळी तशा वाचनाची रूढी होती, म्हणून ते कृत्य बेकायदा ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. मात्र नाव हे व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे प्रतीक आहे आणि ते अचूक उच्चारले जाणे हे कायद्याने रक्षण करण्याजोगे हित आहे, हेही त्याच निकालात नमूद झाले. येन मिळाला नाही. पण निकालाआधीच जपानी वृत्तनिवेदक कोरियन नावे कोरियन उच्चाराने वाचू लागले होते.

आजही अनेक कोरियन कुटुंबे दोन नावे बाळगून आहेत. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाचे कोणते नाव सांगायचे, हा निर्णय आईबापांना घ्यावा लागतो.