जुन्या विमान-इंजिनाचे वाजवी मोल



फ्लाइंग क्लबासाठी जुने इंजिन घेण्याचा प्रसंग आला की विक्रेता प्रथम तास सांगतो. अनेक सेसना १७२ विमानांत असलेल्या लायकमिंग ओ-३२० इंजिनाचे ओव्हरहॉल सर्वसाधारणपणे २,००० तासांनी करावे, अशी निर्मात्याची शिफारस आहे. मग १,५०० तास चाललेल्या इंजिनाचा हिशेब त्रैराशिकाने मांडला जातो: ओव्हरहॉलच्या खर्चाचा चौथा हिस्सा, अधिक दुरुस्तीयोग्य सांगाड्याचे मोल. ही झाली कागदावरची किंमत.

परंतु त्याच शिफारशीत १२ वर्षांची मुदतही आहे, आणि ती विक्रेत्याच्या तोंडी क्वचितच येते! या इंजिनात कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन महिनोन्‌महिने उभे राहिले की तेल निथळून जाते, दमट हवेत कॅम व टॅपेट गंजतात, आणि पुढे इंजिन चालू लागले की त्यांची झीज होऊन धातूचे कण तेलात उतरतात. गोव्यासारख्या किनारपट्टीवर पाच वर्षे झाकून ठेवलेल्या ३०० तासांच्या इंजिनापेक्षा नियमित उडालेले १,२०० तासांचे इंजिन म्हणूनच अधिक मोलाचे ठरू शकते. शिवाय प्रशिक्षणाच्या विमानाला इंजिन एकच असते, आणि विद्यार्थी त्यातून एकटाही वर जातो.

कॉम्प्रेशनची चाचणी व तेलगाळणी पाहावीच. पण लॉगबुक सावकाश वाचावे. प्रोपेलर जमिनीस आपटल्याची नोंद आहे आणि त्यानंतर इंजिन उघडून तपासल्याची नाही, असे आढळल्यास त्या तपासणीचा खर्च किमतीतून वजा करावा. लॉगबुकच गहाळ असेल, तर विक्रेत्याने सांगितलेले तास हिशेबात धरू नयेत. ते इंजिन सांगाड्याच्या भावानेच मागावे.