ट्यूब, गोळी आणि रोजा



चाकण, भोसरी, तळवड्यात पाळीत काम करणाऱ्यांना जांघेतला नायटा नवा नाही. घामाने भिजलेले कपडे दिवसभर अंगावर असतात. मग मेडिकलमधून न विचारता ट्यूब आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड असते. खाज लगेच थांबते, पण बुरशी पसरत जाते आणि कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइड्स शेड्यूल एचमध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

आता ज्यांच्या घरात ॲक्युट पोर्फिरिया आहे, त्यांचा प्रश्न: आम्हाला हे मलम चालेल का?

हा दुर्मीळ, आनुवंशिक आजार. यकृतात 'हीम' तयार करणारे एक एन्झाइम कमी पडते. काही औषधांनी किंवा उपाशी राहिल्याने अर्धवट बनलेले पदार्थ साठतात आणि झटका येतो. असह्य पोटदुखी, उलट्या, हातापायांत अशक्तपणा, कधी गडद लालसर लघवी. भारतात राजस्थानातल्या बिकानेर भागातील कुंभार कुटुंबांत तो आढळला आहे, पण तो कुठल्याही जातीत, धर्मात होऊ शकतो.

उत्तर असे: मलम चालते. त्वचेवर लावलेले स्टिरॉइड रक्तात फार थोडे उतरते. मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच आणि तेवढेच दिवस लावायचे. खरा धोका गोळीत आहे. नायट्यावरचीच ग्रिसिओफुल्विन ही गोळी या रुग्णांना देत नाहीत. फिट्सवरची फेनोबार्बिटोन आणि सल्फाची काही औषधेही झटका आणू शकतात. म्हणून डॉक्टर असो वा मेडिकलवाला, पहिले वाक्य हेच बोला: "मला पोर्फिरिया आहे."

आणि रमजान. लांब उपास हेच या आजारात झटक्याचे कारण ठरू शकते. झटके तरुण बायकांना जास्त येतात. घरातली मुलगी पोट धरून बसली, तर "रोजा टाळायची सबब" म्हणू नका. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. कायमचा आजार असेल तर फिदयाची वाट आहे. लोक काय म्हणतील, या भीतीने जीव धोक्यात घालणे हा दीन नव्हे.

नायटा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पोटदुखीचे झटके वारंवार येत असतील, तर झटका चालू असतानाच लघवीची पोर्फोबिलिनोजेन तपासणी करायला सांगा. नमुना उजेडापासून झाकून न्यायचा असतो, हेही लक्षात ठेवा.