माग वाघाचा, माग देवमाशाचा



बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावकडे निघालं की दोन्ही अंगांना रान लागतं, ते ज्ञानगंगा अभयारण्य. विस्तार 205 चौरस किलोमीटर. बिबटे, अस्वलं, रोही, चितळ, रानडुकरं ही इथली जुनी वस्ती. 2019 च्या डिसेंबरात तिथे एक पाहुणा येऊन दाखल झाला, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरणाबांड वाघ. कागदोपत्री त्याचं नाव टी-वन सी-वन. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ केलं.

हा आला कुठून कसा, ते आपल्याला कळलं त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने आणि वनखात्याने ती बसवली. जूनमध्ये त्याने आईचं रान सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, पैनगंगेचं खोरं, हिंगोली, वाशीम असं करत तो आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उतरला. इथेही लगेच स्थिरावला नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेत फिरून पुन्हा ज्ञानगंगेत आला. सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांच्या वर चाल झाली, आणि कॉलरने त्याचे पाच हजारांहून जास्त ठावठिकाणे कळवले. एप्रिल 2020 मध्ये ती कॉलर काढून घेतली.

नकाशावरचे हे ठिपके नीट पाहण्यासारखे आहेत. चाल मुख्यतः रात्रीची. वाटेत शेकडो शेतं, ओढे, नाले, महामार्ग. पोटाला रानडुक्कर, कधी एखादं जनावर. इतक्या माणसांच्या मुलखातून तो गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. एकदा मात्र तो ज्या झुडपात निजला होता तिथेच माणसं शिरली आणि एकाला किरकोळ दुखापत झाली. त्याच्या सगळ्या प्रवासात माणसाशी वाकडं आलं ते एवढंच. तुरीच्या, पऱ्हाटीच्या शिवारातून वाघ असा गुपचूप निघून जाऊ शकतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आपण विश्वास ठेवला नसता.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे आणि बुलढाणा कुठे, मग देवमासा मध्येच कशाला? सांगतो. या वाघाच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर 2017 मध्ये, ओमानच्या मसिरा बेटाजवळ एका हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या मादीला असाच माग काढण्यासाठी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान. ही लुबान अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली, खाली कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत ओमानकडे वळली. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात खाण्यासाठी ध्रुवाकडच्या गार पाण्यात जातात आणि वीण उबदार समुद्रात करतात. अरबी समुद्रातले मात्र बारा महिने इथेच राहतात. खाणं इथे, वीणही इथेच. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने ते शंभरही उरलेले नाहीत.

हे बारमाही राहणं पहिल्यांदा कसं उघडकीस आलं, ते सांगताना मला जड जातं. 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात 242 हंपबॅक मारले, तेही चोरून. फाडलेल्या माद्यांच्या पोटातला गर्भ आणि पोटातलं अन्न यांच्या नोंदी तेव्हा झाल्या, त्या जगापुढे आल्या तीस वर्षांनी. एवढ्याशा कळपातले 242 जीव गेले आणि त्याबदल्यात हाती आली ती ही माहिती. आज तीच माहिती, तिच्याहून कितीतरी बारीक, जिवंत जनावराकडून मिळते. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. त्या काही क्षणांत शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो मिळाला तर पुरे. तिथली काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी प्रत्येकाची निराळी, वाघाच्या पट्ट्यांसारखीच. एक वाघ दुसऱ्यापासून ओळखायला पाणवठ्यावरचे कॅमेरे जे करतात, तेच समुद्रात नावेत बसलेला माणूस करतो.

पाणवठ्यावरून आठवलं. जनावर पाहायला किती संयम लागतो, हे बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणिगणनेसाठी मचाणावर बसलेल्यांना लगेच पटेल. चांदण्यात तासन् तास काही घडत नाही. मग वाळलेल्या पाचोळ्यात जड पावलं वाजतात आणि अस्वल खाली मान घालून पाण्याला येतं. आपण खोकललो तर ते पाणी न पिताच फिरतं. समुद्रावर तर याहून चिवट बैठक लागते. देवमासा श्वास सोडतो तेव्हा फवारा उडतो, तो दुरून दिसतो. मग जनावर बुडतं, ते दहा-पंधरा मिनिटं वर येत नाही. नाव जोरात त्याच्या मागे काढली की त्याचं श्वास घेणंही बिघडतं आणि आपल्या वहीत उतरतं ते पळणाऱ्या जनावराचं वागणं. 2015 मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे नोंदवले गेले, ते असं अंतर राखून पाहणाऱ्या तरुण अभ्यासकांमुळे.

आता पुन्हा वाघाकडे. वॉकर ज्ञानगंगेत पोहोचला, पण त्याची कहाणी तिथेच थांबत नाही. ज्ञानगंगेत तेव्हा दुसरा वाघ नव्हता. भक्ष्य होतं, पाणी होतं, जोडीदारीण नव्हती. तिच्यासाठी आणि स्वतःच्या हद्दीसाठी तरणे वाघ असेच निघतात, आणि पुढेही निघतील. माझं मत स्पष्ट आहे: टिपेश्वर ते ज्ञानगंगा ही वाट आता वाघानेच दाखवून दिली आहे, तेव्हा रस्ते रुंद करताना, कुंपणात वीज सोडताना ती वाट डोळ्यांपुढे असली पाहिजे.

म्हणून शेतकरी बांधवांना आणि भगिनींना विनंती आहे. शिवारात मोठं पाऊल उमटलेलं दिसलं, तर गर्दी जमवू नका, मोबाइल घेऊन मागे धावू नका. गुरं जवळ बांधा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि सुट्टीत कोकणात गेलात, समुद्रात फवारा दिसला, तर नावाड्याला इंजिन मंद करून लांबच थांबायला सांगा.