गाडी भरली, तरी बर्थ मिळतो

कोहमाऱ्याहून आजारी आईला मुंबईला न्यायचे आहे आणि गोंदियाच्या खिडकीवर कळते, ‘गाडी फुल्ल!’ तसेच परतू नका. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. इथली प्रतीक्षा यादी मधल्या स्टेशनांपेक्षा बहुधा लवकर सरकते. आरएसी म्हणजे एका बर्थवर दोघे बसणार. आजाऱ्याला ते अवघडच. तत्काळ आदल्या दिवशी सुटते, वातानुकूलित १० वाजता, स्लीपर ११ला. २०२५पासून आधारही लागतो, तेव्हा त्याला जोडलेला मोबाइल जवळच असू द्या. आजारपणाचे कागद असले तर आणीबाणीच्या कोट्यासाठी रेल्वेकडे आदल्या दिवशीच अर्ज टाकावा. आणि हो, चार्ट लागल्यावरही उरलेले बर्थ विकतात; खिडकीवर पुन्हा एकदा विचारा.