मोटारीचा विमा आणि सत्यकथन
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण हा आता आपल्या घरोघरचा वार्षिक व्यवहार झाला आहे. त्यातील एका प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो: गतवर्षी अपघाताची भरपाई मागितली होती काय?

भरपाई न मागणाऱ्यास ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो, त्यावरील ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते व पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत चढते. एकदा भरपाई घेतली की ती सामान्यतः शून्यावर येते. म्हणूनच कंपनी बदलताना जुनी गोष्ट लपविण्याचा मोह होतो.

समजा, हप्ता १०,००० रुपये असून असत्य सांगून ३५ टक्के सूट मिळविली. वाचले ३,५०० रुपये. पुढे गाडीचे २ लाखांचे नुकसान झाले व नव्या कंपनीने जुनीकडे चौकशी केली, तर सारीच भरपाई नाकारली जाण्याचा धोका उभा राहतो. कारण विमा हा परम विश्वासाचा करार होय. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली इंग्लंडात हे तत्त्व विशद केले.

किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने केल्यास सूट टिकते. मात्र अर्जात अपघातच विचारला असेल, तर तोही सांगावा. अर्ज एजंटाने भरला तरी सही आपली असते. ती करण्यापूर्वी प्रत्येक उत्तर स्वतः वाचावे.

शब्दाला जागण्याची वाडवडिलांची शिकवण या कागदावरही पाळू या.